ग्रीसच्या डब्याचा पत्रा

जुन्या डोझरची चेन वारंवार उतरत असेल तर मशीन आल्या आल्या धुवू नये. सगळे आधी धुतात. आधी ती सपाट जागेवर न्यावी, स्टिअरिंगच्या दांड्यांवरून हात काढून सरळ चालू द्यावी आणि ब्रेक न मारता आपोआप थांबू द्यावी. मग उतरून मागे जावं आणि मातीत उमटलेला माग पाहावा. माग ज्या बाजूला वाकला असेल त्या बाजूला दुखणं. धुवायचं त्यानंतर. धुतल्यावर कड्यांच्या कोणत्या अंगाला चमक आली आहे ते बघायचं, कारण लोखंड जिथं घासतं तिथंच चमकतं.

एवढं मला येत होतं. अजून येतं. चंद्रपूरच्या एका सरकारी वर्कशॉपमध्ये माझी सगळी नोकरी डोझरच्या पोटाखाली गेली. 'चेन वाचावी तर यानंच' असं लोक माझ्याबद्दल म्हणायचे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी कुणीतरी म्हणतं, आणि ते ऐकलं की मला थकवा येतो. का येतो ते आता लिहून टाकतो.

यंदाच्या उन्हाळ्यात एका ठेकेदाराचा फोन आला. नव्या मोठ्या मशिनी सगळ्या सूरजागडच्या डोंगराकडे, लोखंडाच्या खाणीवर गेल्या आहेत. गावोगावच्या तलावांचा गाळ काढायला आमच्या जमान्यातल्या म्हाताऱ्या मशिनी उरल्या. त्यातल्या एकीची डावी चेन सारखी उतरत होती. "काका, तुम्ही फक्त बघून सांगा, हात नका लावू," तो म्हणाला. मी विचारलं, कुठं? त्यानं मूल शहराच्या पलीकडच्या एका गावाचं नाव घेतलं. मी गुडघ्यांचं कारण सांगून फोन ठेवला. समोर चहा होता, तो गार होऊन वर साय धरेपर्यंत तसाच बसलो. मग मीच परत फोन लावला आणि गाडी पाठव म्हणालो.

त्या गावात मी पूर्वी एकदा काम केलं होतं.

तेव्हा तिथल्या तलावाची पार, म्हणजे मातीचा बांध, एका ठिकाणी खचली होती. पावसाळ्याआधी ती भरून घ्यायला आमच्या वर्कशॉपचा डोझर पाठवला होता. चालवणारा त्याच गावचा, ढिवराच्या घरातला. बाप-काका सगळे त्याच तलावात जाळं टाकणारे. आपला पोरगा सरकारी मशीन घेऊन आपल्याच तलावावर आला याचं घरच्यांना कोण कौतुक! पहिल्या दिवशी बायकांनी चेनला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला. त्याची आई मशीनवरून भाकर ओवाळायला निघाली, तर हात पोचेना. शेवटी त्यानंच तिला धरून चेनवर चढवलं आणि सगळे हसले.

त्याचा हात हलका होता. हे मी आधीच सांगून ठेवतो. दांडी ओढताना तो कधी हिसका देत नसे. अशा हाताखाली चेन जास्त टिकते.

काम सुरू झाल्यावर काही दिवसांनी मी ग्रीस भरायला गेलो तेव्हा तो म्हणाला, "भाऊ, मशीन डावीकडं खेचून राह्यली."

"पारीच्या उतारावर हाये बापा, खेचणारच."

"सपाटीवर बी खेचते. हात सोडला का चालली डाव्या अंगाले. बैलावानी."

मी खाली झोपून पाहिलं. डोझरच्या दोन्ही बाजूंना एकेक लांब लोखंडी चौकट असते. तिच्या पुढच्या टोकाला एक गुळगुळीत चाक, मागे अंगाला जोडलेलं दातेरी चाक, आणि या दोन चाकांवरून चेन फिरते. चौकट अंगाशी समांतर राहावी म्हणून एक तिरपा हात तिला आतून धरून ठेवतो. त्या हाताच्या टोकाला एक बुश असतो, जाड कड्यासारखा. तो झिजला की हात ढिला पडतो आणि चौकटीचं नाक बाहेर फाकतं. मग पुढचं चाक एकीकडे बघतं, मागचं दुसरीकडे, आणि मधली चेन दोघांच्या ओढाताणीत घासत राहते. ओझं पडलं की एक दिवस उतरते. डाव्या चौकटीचा बुश इतका झिजला होता की पहार लावली तर चौकट हातानं हलत होती.

यावर उपाय एकच. चेन उघडायची, चौकट ओढून काढायची, नवा बुश बसवायचा. पुढे ज्यानं ज्यानं विचारलं त्याला मी सांगत आलो की तेव्हा बुश मिळतच नव्हता, नागपूरलाही नव्हता. आता खरं सांगतो. बुश होता. आमच्याच स्टोरमध्ये, फळीवर, तेलकट कागदात गुंडाळलेला. मीच मागवून ठेवला होता.

मग का नाही बसवला? कारण मोठं असतं तर लिहायला बरं वाटलं असतं. मी कंटाळलो होतो. त्या हंगामात एटापल्लीपासून सिंदेवाहीपर्यंत मशिनीमागे फिरून अंगातलं पाणी आटलं होतं. मोहाची फुलं वेचून संपली होती, डोक्यावर नुसतं ऊन उरलं होतं. चंद्रपूरला जा, बुश आण, माणसं गोळा कर, त्या उन्हात चौकट काढ. आणि घरी मेहुणीचं लग्न होतं. मला घरी जायचं होतं, बस.

ग्रीसचा एक रिकामा डबा होता. त्याचा पत्रा कापला, दुमडला आणि झिजलेल्या बुशाभोवती ठोकून बसवला. चौकट घट्ट झाली. पुढच्या चाकाची झिजलेली कड वेल्डिंगनं भरून ग्राइंडरनं घासून गोल केली. मग आमच्या धंद्यातली एक जुनी रीत वापरली. डाव्या-उजव्या चेनची अदलाबदल केली. एका अंगानं झिजलेली चेन दुसऱ्या बाजूला घातली की तिची बाहेरची कडी आत येते, आणि मशीन आणखी एक हंगाम काढते. सगळे करतात. त्यात लबाडी नव्हती, तेव्हा तरी. चेन उघडली होती तेव्हाच बुशही बसवता आला असता, हे मात्र मला कळत होतं.

"झालं काय भाऊ?" त्यानं विचारलं.

"झालं. चालव आता बिनधास्त."

त्यानं मशीन सपाटीवर नेली, हात सोडले. सरळ चालली. खुशीनं त्यानं मला वरून सलाम ठोकला.

लग्न आटोपून मी वर्कशॉपमध्ये आलो त्याच दिवशी निरोप आला की मशीन तलावात गेली. साहेबांबरोबर जीपमधून पोचलो. डोझर पारीवरून आतल्या बाजूला घसरून पाण्यात तिरपा बसला होता, चेन चिखलात पसरली होती. त्यानं वेळेवर उडी मारली होती, अंगाला काही झालं नव्हतं. पण घसरताना मशीननं पारीचा नवा भराव ओढून नेला होता. तिथून पाण्यानं वाट काढली. उन्हाळ्याचं राहिलेलं तेवढं पाणी शेतात गेलं आणि त्याबरोबर मासेही. ढिवरांनी वर्षभर वाढवलेले मासे सुकलेल्या बांध्यांमध्ये, धानाच्या वाफ्यांत उडत होते आणि आसपासच्या गावांतली माणसं टोपल्या घेऊन ते गोळा करत होती. त्याची आई पारीवर बसली होती. रडत नव्हती, नुसती टोपल्या बघत होती.

गाव जमलं होतं, चिडलेलं. साहेब मला म्हणाले, "बघ, काय झालं ते सांग."

मी मशीनखाली गेलो. पत्रा अर्धा बाहेर लोंबत होता. तो मी ओढला, चुरगाळला आणि खिशात घातला. चौकट पुन्हा फाकली होती, पण ते कळायला खाली चिखलात झोपावं लागलं असतं, आणि माझ्याशिवाय तिथं कोण झोपणार? पुढच्या चाकावर घासल्याची खूण नव्हती, ती मीच ग्राइंडरनं मिटवली होती. उरली चेन. उजव्या बाजूच्या चेनवर, आतल्या कड्यांना लखलखीत चमक. ती मुळात डाव्या चौकटीनं आणलेली. चेन बदलल्यामुळे आता उजवीकडे दिसत होती.

बाहेर येऊन मी ती चमक साहेबांना दाखवली. लोकांनाही दाखवली. म्हणालो, हे बघा, हा सारखा उजवीकडे वळवतो. एकाच अंगाला ओढायची सवय आहे. त्यानं चेन एका बाजूला घासते आणि उतरते.

चमक समोर होती. मी बोटानं दाखवत होतो. लोकांनी वाकून पाहिलं आणि मान डोलावली.

तो मागे उभा होता. पुढे येऊन त्यानंही पाहिलं, बराच वेळ. मग हळूच मला विचारलं, "भाऊ, खरंच मी उजवीकडं जास्त वळतो?"

"वळतोस. तुह्या ध्यानात येत नाई."

त्यानं आपला उजवा हात उघडून पाहिला, त्यावर काही लिहिलंय की काय असा. भांडला असता तर मी कदाचित खरं बोलून गेलो असतो. तो भांडला नाही.

पत्रा मी परतताना नदीच्या पुलावरून फेकला. त्या पोराचं काम गेलं. पुढे मूलच्या बाजारात त्या गावचं कुणी भेटलं की कळायचं, तो कुठल्याच मशीनवर बसत नाही, तलावावरच असतो. जाळं ओढताना बायका त्याला म्हणतात, "उजवीकडं पाहून ओढ रे बापा, तलाव सांडशील!" मी हसण्यावारी न्यायचो आणि भाजीकडे वळायचो.

तर, यंदा गाडी त्याच पारीवर जाऊन थांबली. तलाव बराचसा आटला होता. मधे थोडं पाणी, भोवती भेगाळलेला गाळ, आणि त्यात ती पिवळी मशीन उभी. तिचा ऑपरेटर सिरोंच्याकडचा, चाळिशीचा, बोलका माणूस. मला 'तात' म्हणू लागला. तेलुगूत आजोबांना म्हणतात तसं.

"तात, हिचं अन् तुमचं वय एकच दिसते."

"हिचे गुडघे माझ्यापेक्षा बरे आहेत," मी म्हणालो.

मी खाली वाकू लागलो तर तो ओरडला, "झोपू नका तात! परत उठवायला दुसरा डोझर लागंल."

मी त्याला आधी मशीन सरळ चालवायला सांगितलं, हात सोडून. तो चालवू लागला, पण मशीन जरा डावीकडे गेली की त्याचा हात आपसूक उजव्या दांडीवर जायचा. पुन्हा सांगितलं, पुन्हा तेच. सवयीचा हात असा थांबत नाही. माग नागमोडी उमटला, त्यावरून काही कळेना.

तेवढ्यात पारीवरून एक म्हातारा सायकल हातात धरून उतरला. कॅरिअरला जाळं बांधलेलं. केस पार पांढरे. ओळखायला मला वेळ लागला, त्याला लागला नाही.

"वळखलं काय भाऊ? तुमी माह्या हाताची खोड पकडली होती."

मी मान हलवली. तो ऑपरेटरकडे वळला आणि कौतुकानं सांगू लागला, "ह्या भाऊले चेन वाचता येते. मी उजवीकडं जास्त वळत होतो, मले सोताले मालूम नव्हतं. ह्यांनी चेन पाहून सांगतलं. तवापासून मी दांडीले हात नाई लावला. उगाच कोणाचं नुकसान कायले करा?"

त्यात टोमणा नव्हता. मी शोधला, नव्हता. इतकी वर्षं मी समजत होतो की तो मला मनात शिव्या देत असेल. शिव्यांची मी तयारी करून आलो होतो. त्यानं तर माझं बोलणं खरं मानलं होतं.

माझ्या तोंडून निघालं, "तूच चालव. हात सोडून, सरळ. तुह्या हातानं कळंल."

"नाई नाई," तो मागे सरकला. "माहा हात तसाच हाये भाऊ. मी सायकल बी उजवीकडं वळवाची असली का उतरतो. पायी वळवतो, मंग बसतो. लोकं हासतात. हासू दे."

मी चेनवर टेकलो. उन्हानं लोखंड तापलं होतं, तरी टेकलो.

"तुह्या हातात काई नव्हतं," मी म्हणालो.

त्यानं सायकल कमरेला टेकवली.

"बुश झिजला होता. डाव्या चौकटीचा. तू सांगतलं होतं मले, खेचते म्हणून. मी बुश बसवला नाई, पत्रा ठोकला. तो निसटला म्हणून चेन उतरली. अन् चेनवरची चमक डाव्या बाजूची होती, मी चेना बदलल्या होत्या. मी लोकांले उलटं दाखवलं."

म्हातारा जाळ्याची दोरी बोटाला गुंडाळत होता, सोडत होता.

"कायचा पत्रा?"

"ग्रीसच्या डब्याचा."

"तुमी साहेबासंग आल्ते तवा नव्हता तो."

"होता. मी खिशात टाकला."

"अन् नवा बुश?"

"स्टोरमध्ये होता."

"होता?" त्यानं पुन्हा विचारलं. "मंग काऊन नाई बसवला?"

मी कंटाळा आला होता असं म्हणालो. दुसरं काही नव्हतंच. माफी मागायचं मनात होतं, पण त्या शब्दानंतर ती कुठं ठेवावी ते समजेना.

त्यानं दोरी सोडली. सायकल आडवी टाकली, चप्पल काढली आणि मशीनवर चढला. वर बसल्यावर त्यानं दांड्यांकडे नुसतं पाहिलं. ऑपरेटरनं खालून काहीतरी सांगायला तोंड उघडलं, तसा तो म्हणाला, "मालूम हाये."

मशीन हलली. त्यानं दोन्ही हात मांडीवर ठेवले, पालथे. आटलेल्या तलावात ती मशीन चालू लागली आणि हळूहळू, कुणी न वळवता, डावीकडे झुकत गेली. त्याचे हात मांडीवरून हलले नाहीत. पाण्याच्या कडेला ओल लागली तिथं त्यानं इंजिन कमी केलं, ती आपोआप थांबली.

उतरून तो मागाच्या कडेनं चालत आला. खाली बघत, एकेक पाऊल. जिथून वाकायला सुरुवात झाली होती तिथं बसला. कड्यांचे ठसे बोटानं चाचपले. मी जवळ गेलो तर म्हणाला, "यावर पाय नको देऊ."

मी थांबलो.

"लोकं बाजारातून आले का इथी आणतो मी. तू जाऊ नको कुठी. मंग परत सांग. अख्खं सांग, पत्र्यासकट."

ऑपरेटर म्हणाला, "तात, मशीन कधी दुरुस्त होईल? ठेकेदार ओरडंल."

"आज नाई," म्हातारा म्हणाला.

मी मशीनच्या सावलीत बसलो. तो मागाशेजारी उन्हात बसून राहिला. एक गाय गाळात उतरली, तिला त्यानं उठून दगड मारून हाकललं. उन्हं कलल्यावर माणसं आली. जुनी फार थोडी उरली होती. त्याची आई तर केव्हाच गेलेली. मी उभा राहून सगळं सांगितलं, बुश, पत्रा, चेन, खिसा. त्यानं मधे एकदा थांबवलं. स्टोरमधल्या बुशाचं राहिलं होतं. ते सांगितलं. पोरांना कशाबद्दल चाललंय तेच कळत नव्हतं. एक म्हातारी बाई मला म्हणाली, "तू तर लबाडच निघाला रे, भाऊ. अन् आमी याले बोलत राह्यलो." मग त्याच्याकडे एकदा बघून वळली. ती मागाच्या कडेकडेनं टोकापर्यंत चालत गेली आणि परत आली.

पुढचे काही दिवस मी तिथंच राहिलो. ऑपरेटर आणि दोन माणसांकडून चौकट काढवली, नवा बुश बसवला, चाकं सुतळी लावून एका रेषेत आणली. म्हातारा रोज पारीवर येऊन बसायचा. बुश बसवायच्या वेळी मात्र खाली आला, तो हातात घेतला, वजन केल्यासारखा वरखाली केला आणि परत दिला.

शेवटी मशीन पुन्हा हात सोडून चालवली. माग सरळ गेला. ऑपरेटरनं टाळ्या वाजवल्या. मी मागे वळून पाहिलं, तर म्हातारा सायकलवर बसून निघाला होता. पारीच्या टोकाला रस्ता उजवीकडे वळतो. तिथं तो थांबला, उतरला, सायकल पायी वळवून घेतली आणि मग पुन्हा बसला.